डेस्कटॉपवरचं बिलिंग ब्राउझरवर नेताना: आधी काय, मग काय

मे महिन्याच्या ८-९ तारखेला असे फोन येतात. १ एप्रिलपासून बिलिंग ब्राउझरवर नेलेलं असतं, एप्रिलचा जीएसटीआर-१ (विक्रीचा जीएसटी रिटर्न) ११ मेपर्यंत भरायचा असतो, आणि सी.ए.च्या ऑफिसातून निरोप आलेला असतो की आकडे जुळत नाहीत. मग दुकानदार सॉफ्टवेअरला नावं ठेवतो आणि सॉफ्टवेअरवाला दुकानातल्या माणसांना. व्यापाऱ्यांचं हे काम मी बरीच वर्षं करून देतोय. सॉफ्टवेअरच वाईट निघालं अशी उदाहरणं थोडी. बहुतेक ठिकाणी क्रम चुकलेला असतो: आधी वर्षाचे पैसे भरले, मग जुना डेटा जसा होता तसा चढवला, मग माणसांना सांगितलं, आणि नेट गेल्यावर काय करायचं हे नेट गेल्यावर ठरवलं.

खालचा क्रम हार्डवेअर-इलेक्ट्रिकलच्या ठोक व्यापाराला धरून लिहिला आहे: दोन काउंटर, एक गोडाऊन, गावोगाव फिरून मोबाइलवर ऑर्डर घेणारे दोन सेल्समन. किराणा किंवा औषधांच्या ठोक दुकानातही फार फरक पडत नाही. १ एप्रिल गाठायचा असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हात घाला. वर्षाच्या मध्ये करायचं असेल तर महिन्याची पहिली तारीख धरा, पण दिवाळीच्या आधीचे दोन महिने सोडून.

## १. डेमो बघण्याआधी एक दिवस काउंटरवर बसा

वही-पेन घेऊन बाजाराच्या दिवशी बसा. कोण बिल करतो, दर कोण बदलतो, परत आलेला माल कुठे लिहिला जातो, "नंतर बिल करतो" म्हणून गोडाऊनमधून चिठ्ठीवर काय जातं, हे सगळं टिपा. मालकाने सांगितलेली पद्धत आणि संध्याकाळी वहीत उतरलेली पद्धत एकच निघाली, असं मला आजवर एकाही दुकानात दिसलेलं नाही.

या टिपणातून पाच अवघड बिलं निवडा आणि डेमो त्यांच्यावरच द्यायला सांगा:

- वायरचा ९० मीटरचा कॉइल घेतला आणि ३५ मीटर विकली, असं एक
- परराज्यातल्या पार्टीचं एक
- अर्धा माल परत आलेलं एक
- काही रोख आणि बाकी उधार असलेलं एक
- सेव्ह केल्यावर दर बदलावा लागलेलं एक

सावधान: विक्रेत्याच्या नमुना डेटावर डेमो नेहमीच चांगला चालतो. तो बघून निर्णय घेऊ नका.

## २. यंत्रं आणि प्रिंटर

"ब्राउझरवर चालतं, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालतं" हे अर्धंच खरं. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम आवृत्ती १०९ च्या पुढे जात नाही. त्यानंतरच्या क्रोमला किमान विंडोज १० लागतं. काउंटरवरचं जुनं मशीन अजून विंडोज ७ वर असेल तर नवीन ॲप आज कसंबसं उघडेल आणि एखाद्या अपडेटनंतर पांढरं पान दाखवेल. मशीनचा खर्च आधीच हिशेबात धरा.

खरी डोकेदुखी प्रिंटरची. जुनं सॉफ्टवेअर डॉट मॅट्रिक्सला सरळ अक्षरं पाठवत होतं, म्हणून तो भरभर छापायचा. ब्राउझर तेच बिल चित्रासारखं पाठवतो, आणि प्रिंटर एकेक ओळ दोनदा घासत बसतो. तीन प्रतींचा कार्बनचा कागद वापरत असाल तर रांग इथेच लांबते. काही कंपन्या मशीनवर बसवायचा छोटा प्रिंटिंग प्रोग्रॅम देतात. तो मागून घ्या. नाहीतर सरळ लेझरवर तीन प्रती काढा. थर्मल प्रिंटर असेल तर कागदाची रुंदी, ५८ मिलिमीटर की ८० मिलिमीटर, सेटिंगमध्ये नीट निवडा.

तपासणी: तुमच्याच प्रिंटरवर, तुमच्याच कागदावर २० ओळींचं बिल छापा. मोबाइलवर वेळ लावा. बिलाच्या वर किंवा खाली वेबसाइटचा पत्ता आणि तारीख छापून येत असेल तर प्रिंटच्या खिडकीतला हेडर-फूटरचा पर्याय बंद करा.

## ३. पैसे भरण्याआधी चार प्रश्न

उत्तरं व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या.

पहिला, उद्या सोडून जायचं ठरलं तर सगळी बिलं ओळींसकट एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का? फक्त पीडीएफ मिळणार असतील तर तो नकारच समजा. दुसरा, वर्गणी थकली तर जुना डेटा वाचता येतो की दारच बंद होतं? तिसरा, किती जणांना लॉगिन, आणि सेल्समनच्या मोबाइलचे पैसे वेगळे का?

चौथा प्रश्न फक्त प्रायव्हेट लिमिटेड आणि इतर कंपन्यांसाठी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं, आणि ती बंद करता न येणं, सक्तीचं आहे. हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचाही नियम आहे. दोन्ही आहे का, हे विचारा. मालकी किंवा भागीदारीतल्या दुकानाला हे बंधन नाही, तरी बदलांची नोंद मिळत असेल तर घ्याच. "दर कोणी कमी केला?" हा वाद तिथे एका मिनिटात मिटतो.

## ४. डेटा धुऊन घ्या

निम्मा वेळ इथे द्या. घाण डेटा नव्या ॲपमध्ये टाकला तर तीच घाण जास्त वेगाने फिरते, एवढंच.

एक्सेलपासून सुरुवात. जुन्या सॉफ्टवेअरमधून यादी काढली, एक्सेलमध्ये उघडली, सेव्ह केली, आणि इथेच तीन गोष्टी बिघडलेल्या असतात. साइजच्या रकान्यातला १/२ इंच, एक्सेल त्याची १ फेब्रुवारी करतो. मिरी, हळद यांच्यासारख्या मालाचा एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा वर्ग-क्रमांक) शून्याने सुरू होतो. ते पुढचं शून्य गळून पडतं. आणि ८९० ने सुरू होणारा १३ आकडी बारकोड ८.९ई+१२ असा दिसायला लागतो. तसाच सीएसव्ही म्हणून सेव्ह केला की मागचे आकडे कायमचे गेले. मूळ फाइल जपून ठेवा आणि ती डबल-क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या डेटा मेनूमधून आत घ्या आणि हे रकाने आधीच टेक्स्ट म्हणून निवडा.

नावं मराठीत असतील तर आणखी एक अडचण. श्रीलिपी किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेली नावं ब्राउझरमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात, कारण ती युनिकोड नाहीत. ती आधी युनिकोडमध्ये बदला. नंतर फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर पार्टीच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येईल.

मग पार्टी. एकाच ग्राहकाची तीन खाती असतात: "पाटील ट्रेडर्स", "पाटील ट्रे.", "पाटील (नवीन)". जीएसटी क्रमांकाने यादी लावली की जोड्या आपोआप दिसतात. क्रमांकाचे १५ अक्षर-आकडे मोजा. इंग्रजी ओ आणि शून्य यांची अदलाबदल तर ठरलेलीच. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. राज्याचा रकाना रिकामा गेला तर बरीच ॲपं स्वतःच महाराष्ट्र धरतात. मग बेळगावच्या पार्टीला आयजीएसटीऐवजी (परराज्यातल्या विक्रीचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा) लागतो आणि ही चूक महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. सीमाभागातल्या दुकानांनी हा रकाना स्वतः बसून तपासावा.

मालाच्या यादीत एकक बघा. खरेदी कॉइलने, विक्री मीटरने. खरेदी बॉक्सने, विक्री नगाने. हे गणित पहिलं खरेदी बिल टाकण्याआधी भरायचं असतं. एकदा व्यवहार झाला की बहुतेक ॲप एकक बदलू देत नाहीत. दर करासह आहे की कराशिवाय, हेही तेव्हाच ठरवा. आणि कराचा टक्का: २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे बरेच दर बदलले, सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. रोज विकला जाणारा माल तेव्हाच दुरुस्त झालेला असतो. कोपऱ्यात पडलेल्या मालाला मात्र यादीत अजून १२ किंवा २८ लागलेला सापडतो.

शेवटी उधारी. येणं एकरकमी चढवू नका. "मोरे यांच्याकडे ८४,००० येणे" एवढंच टाकलं तर कुठलं बिल किती दिवसांचं हे ॲपला कळत नाही, आणि सेल्समनच्या मोबाइलवर सगळी उधारी १ एप्रिलची दिसते. बिलवार चढवा. कुठल्याच बिलाला न लावलेल्या जुन्या जमा रकमा आधी जुन्या सॉफ्टवेअरमध्येच लावून घ्या. यासाठी हिशेबनीसाला चार-पाच दिवस मोकळे द्या. काउंटर सांभाळत हे होत नाही.

तपासणी: पार्ट्यांची संख्या, मालाची संख्या, एकूण येणं, एकूण देणं. हे चार आकडे जुन्या आणि नव्या ठिकाणी रुपयापर्यंत जुळले पाहिजेत. फरक "नंतर बघू" म्हणून वेगळ्या खात्यात टाकलात तर ते खाते पुढच्या मार्चपर्यंत तसंच राहील.

## ५. लॉगिन ज्याचं त्याला

सगळे मालकाच्या नावाने आत शिरतात, ही सर्वात जास्त दिसणारी चूक. काउंटरवाल्याला बिल करता यावं, जुनं बिल खोडता येऊ नये. सेल्समनला शिल्लक आणि उधारी दिसावी, खरेदीचा दर दिसू नये. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो तेही बघा. ई-वे बिलाच्या (माल गाडीने पाठवताना लागणारा ऑनलाइन परवाना) पोर्टलला लावलेला नंबर सोडून गेलेल्या मुनीमाचा निघतो, आणि हे कळतं गाडी भरून उभी असताना.

## ६. बोटांना नवी सवय

वीस वर्षं टॅलीवर, म्हणजे डेस्कटॉपवरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, काम केलेल्या माणसाला कमी लेखू नका. तो स्क्रीन बघत नाही, त्याची बोटं काम करतात. टॅलीत एफ५ म्हणजे पेमेंट व्हाउचर. ब्राउझरमध्ये एफ५ म्हणजे पान पुन्हा लोड. सतरा ओळींचं बिल भरलेलं, मध्येच पेमेंट टाकायचं म्हणून सवयीने एफ५ दाबलं, आणि समोर कोरं पान. कंट्रोल-ए तिथे "स्वीकारा" होतं. इथे तो सगळा मजकूर निवडतो आणि पुढची कळ तो पुसते. पहिल्या आठवड्यात "सॉफ्टवेअर बिलं खातं" अशी जी तक्रार येते, ती निम्मी यातून आलेली असते.

म्हणून आधी विक्रेत्याला विचारा: अर्धवट बिल आपोआप जपून राहतं का, आणि एफ५ दाबल्यावर ॲप हटकतं का? नसेल तर त्या कळांवर लाल टिकली चिकटवा. हसू नका, चालतं. पंधरा दिवस रोज अर्धा तास, दुकान उघडण्याआधी, काल झालेली खरी बिलं पुन्हा नव्यात करायला द्या. माउसने नाही, त्या ॲपचे स्वतःचे शॉर्टकट वापरून.

बारकोड स्कॅनरचं तसंच. ब्राउझरच्या दृष्टीने तो की-बोर्डच असतो. कर्सर जिथे असेल तिथे आकडे ओततो. कर्सर दराच्या चौकटीत राहिला तर एका एल्बोचा दर १३ आकडी होतो. मी पाहिलंय, आणि ते बिल छापूनही आलं होतं.

सावधान: ई-इनव्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) लागू असेल तर सराव फक्त चाचणीच्या वातावरणात करा. (एकूण उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून तो लागू आहे.) एका ठिकाणी माझ्याच हातून चाचणी की खरं हे ठरवणारं बटण चुकीच्या बाजूला राहिलं आणि सरावाची चौदा बिलं खऱ्या पोर्टलवर जाऊन त्यांना आयआरएन (पोर्टलचा नोंदणी क्रमांक) मिळाले. संध्याकाळी लक्षात आलं म्हणून वाचलो, कारण रद्द करायला २४ तासच मिळतात. तरी ते चौदा बिल क्रमांक वाया गेलेच. रद्द झालेला बिल क्रमांक पोर्टल पुन्हा घेत नाही.

## ७. वायर काढून बघा

इंटरनेट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं हवं: एक फायबर, एक मोबाइलचं. आणि राउटर इन्व्हर्टरवर आहे का बघा. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आणि राउटर मात्र पलीकडच्या साध्या सॉकेटला, ही जोडी मला दर तिसऱ्या दुकानात दिसते.

ॲप नेटशिवाय चालतं असा दावा असेल तर तो असा तपासा:

१. नेट बंद करा. दोन्ही काउंटरवर तीन-तीन बिलं करा.
२. ब्राउझर बंद करा, मशीनही बंद करून चालू करा.
३. पुन्हा उघडा. बिलं दिसतायत का?
४. नेट जोडा. सहाच्या सहा वर गेली का, आणि दोन बिलांना एकच क्रमांक तर लागला नाही ना?

चौथ्या पायरीवर बरीच ॲपं अडकतात. उपाय साधा आहे: प्रत्येक काउंटरला वेगळी बिल मालिका द्या. बिलाचा क्रमांक १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच आलेला असला की अशा अनेक मालिका नियमात बसतात.

सावधान: नेटशिवाय केलेली बिलं वर जाईपर्यंत त्या एका मशीनच्या ब्राउझरमध्येच असतात. कोणी "मशीन स्लो झालंय" म्हणून ब्राउझरचा साइट डेटा साफ केला, तर ती गेली. इन्कॉग्निटो खिडकीत बिलिंग अजिबात नको. खिडकी बंद झाली की आतलं सगळं साफ.

## ८. दोन्ही एकत्र, पण मोजके दिवस

जुनं आणि नवं मिळून दहा दिवस चालवा. जास्त नको, माणसं कंटाळतात आणि दोन्हीकडे अर्धवट भरतात. या दिवसांत ग्राहकाला जाणारं बिल जुन्यातूनच. नव्यात सराव म्हणून तीच बिलं, ई-इनव्हॉइस बंद ठेवून.

रोज गल्ला बंद करताना पाच आकडे कागदावर लिहा: बिलांची संख्या, एकूण विक्री, एकूण कर, रोख शिल्लक, आणि ठरवलेल्या पाच मालांचा साठा. सलग तीन दिवस पाचही जुळले की पुढे जा. पैशांचे फरक बहुधा पूर्णांक करण्यामुळे येतात. एक ॲप ओळीला पूर्णांक करतं, दुसरं बिलाला. साठ्याचे फरक मात्र चिठ्ठीवर गेलेल्या मालाचे. तिथे ॲपला दोष देऊन उपयोग नाही.

## ९. बदलाची रात्र

३१ मार्चला संध्याकाळी क्रम हाच ठेवा, एकही पायरी पुढे-मागे नको:

१. शेवटचं बिल झाल्यावर गोडाऊनचं शटर खाली. मोजणी संपेपर्यंत माल आत नाही, बाहेर नाही.
२. मोजणी दोघांनी: एक मोजणारा, एक लिहिणारा. कॉम्प्युटरवरची शिल्लक लिहिणाऱ्याला दाखवू नका, नाहीतर तो तीच उतरवतो.
३. जुन्या सॉफ्टवेअरचा बॅकअप दोन पेनड्राइव्हवर. एक घरी.
४. सरावाचा सगळा डेटा नव्यातून पुसा.
५. मोजलेला साठा, बिलवार उधारी, बँक आणि रोख शिल्लक चढवा. चौथ्या टप्प्यातले चार आकडे पुन्हा जुळवा.
६. नवी मालिका सुरू करा. वर्षाच्या मध्ये बदलत असाल तर मालिकेचा आरंभ जुन्यापेक्षा वेगळा ठेवा.
७. ई-इनव्हॉइस, ई-वे बिल खऱ्या पोर्टलवर जोडा. त्यासाठी पोर्टलवर वेगळं एपीआय लॉगिन (ॲपला पोर्टलशी जोडणारं) लागतं. ते आठवडाभर आधीच तयार करून ठेवा.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५० हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं. दोन मर्यादा ॲपमध्ये वेगवेगळ्या भरता येतात का ते बघा. एकच चौकट असेल तर ५० हजार ठेवा.

तपासणी: सकाळचं पहिलं बिल मालकाने स्वतः करावं आणि छापील प्रतीवरचा क्रमांक, राज्य, कर, एकूण रक्कम हातात घेऊन वाचावी.

## १०. पहिला महिना

साठा उणे जाऊ न देण्याचा कडक पर्याय महिनाभर लावू नका, फक्त इशारा ठेवा. माल आलेला असतो, खरेदी बिल चढायचं असतं, आणि ॲप विक्री अडवून धरतं. काउंटरवाला मग "किरकोळ माल" नावाने बिल करून मोकळा होतो आणि साठ्याचा बट्ट्याबोळ तिथून सुरू होतो.

दर शनिवारी सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून आपल्याकडे ठेवा. क्लाउडवर आहे म्हणून सोडून देऊ नका. एप्रिलचा रिटर्न भरण्याची वाट न बघता १६ तारखेलाच पंधरा दिवसांचा जीएसटीआर-१ काढून सी.ए.ला पाठवा, चुका तेव्हा निस्तरता येतात.

जुनं सॉफ्टवेअर काढून टाकू नका. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०२५-२६ च्या वार्षिक रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२६, म्हणजे तो डेटा डिसेंबर २०३२ पर्यंत उघडून दाखवता आला पाहिजे. एका मशीनवर ते चालू स्थितीत ठेवा, पण काउंटरपासून लांब. गर्दीच्या वेळी कोणीतरी "आजच्यापुरतं" म्हणून जुन्यात दोन बिलं करतोच, आणि मे महिन्यातला तो फोन त्याच दोन बिलांवरून येतो. मी तर त्या मशीनचा की-बोर्ड काढून मालकाच्या कपाटात ठेवायला लावतो.